जोडवी बुटावर घालून नांदेड ते लातूर

नांदेडच्या माणसाला लातूरला जायला कारण लागत नाही, एसटी लागते. या संक्रांतीला मी मात्र कारण घेऊन गेले, आणि ते कारण माझ्या पायात होतं.

आधी तंटा सांगते. आमचा मुलगा विनू लातूरला असतो. पावसाळ्यात मी नांदेडच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या काड्यांवरून घसरले आणि थेट एका बाईच्या वांग्यांत जाऊन बसले. हाड शाबूत राहिलं, पण गुडघा सुजून त्याच वांग्यांच्या रंगाचा झाला. विनूनं तेवढ्यात लातूरच्या घरात, खालच्या मजल्यावर, आम्हा दोघांसाठी खोली तयार करून टाकली. न्हाणीत धरायला स्टीलच्या दांड्या, पलंगाशेजारी दांडी, दारापाशी दांडी. फोटो पाठवले. मला ती खोली बघून एसटीच आठवली.

"आई, संक्रांत झाली की नांदेडचं घर बंद करू. तुम्ही दोघं इकडं या," तो फोनवर म्हणाला.

पोरगा वाईट नाही, सून तर त्याहून चांगली. पण नांदेडला मी दाराला कडी घालते आणि निघते. लातूरला निघाले की, कुठं, कामून, कोणासोबत, किती वेळ, मोबाइल घेतला का, अशी विचारपूस उंबऱ्यावरच सुरू होते. त्या दांड्या एकदा हाताला लागल्या की हात सोडणार नाहीत, अशी मला धास्ती बसली. आमच्या ह्यांचं काही म्हणणं नव्हतं. पेपर जिथं येईल तिथं ते राहतात.

मी म्हटलं, "माझे पाय चांगले आहेत. पळून दाखवते."

विनू हसला आणि हसता हसता अडकला. "संक्रांतीला ये. आमच्या मैदानाला माझ्यासोबत एक फेरी पळून मार. मधे थांबायचं नाही. मारलीस, तर मी खोलीचं नाव काढणार नाही." त्याची मुलगी, माझी नात सई, त्याच्याशेजारीच बसली होती, तिला साक्षीला धरलं.

सई कॉलेजात जाते आणि पळते. तिनंच मला ते बूट पाठवले. डबा उघडला तर आत रबराचे दोन पाय. पाचही बोटांना वेगवेगळे कप्पे, तळ चपातीएवढा पातळ, टाच नावालाही नाही. म्हणे अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून असे करतात. आता अनवाणी चालण्याची नक्कल करणारं काही बाजारात मिळतं, हे लोह्याजवळच्या आमच्या खेड्यातल्या कोणाला सांगितलं असतं तर त्यांनी मला देवऋष्याकडं नेलं असतं. लग्नापर्यंत माझ्या पायाला चप्पल माहीत नव्हती.

लग्नानंतर मात्र माहीत झाली, आणि ती कशी झाली ते सांगायलाच पाहिजे. त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. शहरात आले, शाळेत मास्तरीण झाले, आणि पहिल्याप्रथम उंच टाचांचे सँडल घेतले. माझ्या मते मी त्यात विमानातल्या बाईसारखी चालत असे. पाहणाऱ्यांच्या मते बकरी पत्र्यावरून चालत असे. एकदा सासरच्या शेतात, पाऊस पडून गेल्यावर, ही महाराणी सँडल घालून ज्वारी बघायला गेली. सासूबाई म्हणाल्या, "काढून ठेव बाई." महाराणी म्हणाली, "मला सवय आहे." आमची काळी माती कोणाची सवय विचारत नाही. बांधापासून थोडं आत गेले आणि पाय वर आले, सँडल आलेच नाहीत. दोन्ही तिथंच उभे, पेरल्यासारखे. मी चिखलात अनवाणी उभी राहून त्यांच्याकडं बघत होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या साली कणसं धरतील."

भाजीबाजारात पडले तेव्हाही पायात टाचच होती. म्हणजे अक्कल यायला किती उशीर लागतो बघा.

नांदेड: सवय लावून घेणं

सईनं फोनवर बजावलं होतं, "आजी, आधी घरातल्या घरात थोडंथोडं. मग अंगणात. पोटऱ्या दुखल्या की थांबायचं. पळायचं तर इतक्यात नावच नको."

मी तिचं ऐकलं आणि पहिल्याच दिवशी नदीच्या घाटापर्यंत जाऊन आले. जाताना वाटलं, बास, जमलं. टाच आधी टेकायची जन्माची खोड, त्यामुळं प्रत्येक पावलाचा धक्का थेट कवळीत येत होता, पण अभिमानाला दात नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्यांनी संप केला. जिना उतरता येईना. शेवटी कठडा धरून मी उलटी उतरायला लागले. खालून आमचे हे पेपर घेऊन वर येत होते. थांबले, बघितलं आणि म्हणाले, "तू जाऊन राहिलीस का येऊन राहिलीस?"

मग मात्र शहाण्यासारखं केलं. नवरात्रात स्वयंपाकघरात चालले, दिवाळीत गच्चीवर. हळूहळू पायच शिकले. पाऊल छोटं पडायला लागलं, चवडा आधी टेकायला लागला आणि गुडघा कुरकुरायचा थांबला. रस्त्यावरचा खडा पायाला अगोदर कळायचा आणि डोळ्याला नंतर. पुढं थंडीत विष्णुपुरीला धरणाकडच्या रस्त्यावर जाऊन जरा जरा पळायलाही लागले. तिथं इंजिनिअरिंगची पोरं पळतात. एक जण माझ्याशेजारून जाताना पाय बघून चुकून गटाराकडं वळला. भाजीबाजारात तर माझी वांगेवाली मैत्रीणच झाली होती. ती म्हणाली, "मावशी, पायात हातमोजे कामून घातले?"

एवढं सगळं जमलं, अडलं ते एकाच ठिकाणी. जोडव्यांपाशी. अंगठ्याशेजारच्या बोटात जोडवं असलं की ते बोट त्या कप्प्यात शिरतच नाही. हे बूट करणाऱ्यांनी जगभरातल्या पायांचा विचार केला असेल, सवाष्णीच्या पायाचा केला नाही. जोडवी काढून ठेवावीत, तर नवरा धडधाकट समोर पेपर वाचतोय. मी ह्यांनाच विचारलं, "जोडवी काढली तर चालतील का?"

"कोणाची?" हे म्हणाले.

मग मला हिकमत सुचली. आमच्या जोडव्यांचं तोंड उघडं असतं, जरा ताणली की सैल होतात. आधी बूट घातला आणि जोडवं वरून, रबराच्या बोटावर चढवलं. मस्त बसलं. चालताना चांदी वाजायची, पायाला काच नाही, आणि धर्मही जागेवर. बूट काढताना जोडवी पुन्हा उतरवायचा कंटाळा यायचा, म्हणून ती बुटावरच राहायची. घरात मी तशीच, रिकाम्या बोटांनी वावरायची. घरात दुसरं कोण होतं? हे. आणि माझ्या पायाकडं ह्यांनी शेवटचं लग्नात, सप्तपदीच्या वेळी, तेही भटजींनी सांगितलं म्हणून बघितलं असेल.

लोहा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. मंगळसूत्र काढून बटव्यात, बटवा पिशवीत. स्टँडवरच्या गर्दीत गळ्यात सोनं ठेवायचं नाही, हे आमच्याकडं पोरींना पाढ्यांच्या आधी शिकवतात.

लोह्याला गाडी थांबली. खाली एक बाई ढाळे विकत होती, हरभऱ्याची हिरवीगार झाडं घाटे लगडलेली. माझं माहेर इथून जवळ, त्यामुळं लोह्याचे ढाळे न घेता पुढं गेले तर बापाचा आत्मा तळमळेल. उतरले. बाईनं जुडी हातात दिली आणि तिची नजर खाली गेली. तिनं शेजारच्या बोरंवालीला हाक मारली, बोरंवालीनं नवऱ्याला. बघता बघता माझ्याभोवती रिंगण.

"बोटं हलत्यात का?" कोणीतरी विचारलं.

मी हलवून दाखवली. लोक खूश झाले. मग डाव्या पायाची मागणी झाली.

एक धोतरवाले आजोबा काठीवर हनुवटी टेकून लई वेळ बघत होते. "म्हंजी," ते म्हणाले, "आपला पाय दिसू न्हाई म्हणून त्याच्यावर पायच घातलाय."

"हाव."

"अन् त्या वरच्या पायाला जोडवी."

"हाव."

"मंग खालचा पाय कुणाचा?"

कंडक्टरनं घंटी मारली म्हणून सुटले.

अहमदपूर

इथं गाडी चहाला थांबते. भजे गरम होते, मिरची आमच्या नांदेडपेक्षा तिखट होती, आणि मी दोन्हींत गुंतले. मान वर केली तर आमची एसटी फाटकातून बाहेर पडत होती. आत माझी पिशवी, पिशवीत बटवा, बटव्यात मंगळसूत्र.

मी पळाले. ठरवून नाही. पाय आपोआप चवड्यावर गेले, पावलं छोटी आणि भराभर, एका हातात भजं, दुसऱ्यात साडीच्या निऱ्या, खाली चांदीचा खणखणाट. एक रिक्षावाला ओरडून ड्रायव्हरला थांबवायला निघाला होता, पण मला बघून तो ओरडायचंच विसरला. वळणावर गाडी हळू झाली आणि मी दांडा धरला.

कंडक्टर म्हणाला, "आजी, मागच्या गाडीनं यायचं होतं की."

"मागच्या गाडीत माझी पिशवी नव्हती," मी म्हटलं आणि जागेवर बसून उरलेलं भजं खाल्लं. दम लागला नव्हता. मग चाकूरपर्यंत मी स्वतःवर इतकी खूश होते की ढाळे सोलायचे राहिले.

लातूर

लातूरच्या माणसाचं पाण्याशी वागणं वेगळं. आमच्याकडं गोदावरी, आम्ही पाय धुवायला बादली उपडी करतो. लातूरनं पाण्याचे हाल सोसलेत. इथं सोनार जसं सोनं तोलतो तसं पाणी ओततात. माझी सून सुजाता तांब्या घेऊन दारात उभी होती, तो माझ्या हातात देऊन ती घाईनं आत गेली. मी बूट काढून पायरीवर ठेवले. तेवढ्या तांब्यात माझे दोन्ही पाय आणि तोंड धुवून झालं, वर कडीपत्त्याच्या कुंडीलाही मिळालं. टिकली पाण्यासोबत गेली. मंगळसूत्र बटव्यातच होतं. जोडवी बुटांवर, पायरीवर.

आता आत काय होतं बघा. हळदीकुंकू. सुजातानं त्याच दिवशी ठेवलेलं. बैठकीत गल्लीतल्या बायका जरीच्या साड्या नेसून बसलेल्या, आणि त्यांच्यात मी जाऊन उभी राहिले. कपाळ कोरं, गळा मोकळा, बोटं रिकामी.

सगळ्या माझ्याकडं वळल्या. सुजाता स्वयंपाकघरात निलंगा राईसच्या पातेल्याशी झटत होती, तिला काही माहीत नाही. कुंकवाचा करंडा फिरवणारी पोरगी माझ्यापाशी आली, थबकली आणि शेजारणीकडं वळली. माझी विहीण कमळबाई, म्हणजे सुजाताची आई, समोरच होत्या. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरळ सांगून टाकायचं होतं. पण खरं सांगते, मला बघायचं होतं पुढं काय होतं. मी खोटं बोलले नाही. मी नुसती गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून एरवी कोणी माझा हात धरत नाही. आज दोघींनी धरला आणि हलक्या हातानं मला स्वयंपाकघराच्या दारापाशी नेऊन बसवलं. तिथं सुजाताची मावशी बसली होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत. तिनं मला खालीवर पाहिलं, सरकून जागा केली आणि कानाशी म्हणाली, "बस निवांत. इथं चहा आधी येतो."

खरंच आला. त्या घरात मला इतका गरम चहा कधी मिळाला नव्हता. मावशीनं आपल्या वाटीतला तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. बैठकीत वाण लुटणं चाललं होतं, आमच्याकडं कोणी बघत नव्हतं, बघायचं नाही असं ठरवूनच बघत नव्हतं. तेवढं मात्र मला हसण्यासारखं वाटलं नाही.

कमळबाई आतल्या खोलीत गेल्या होत्या. नांदेडला कोण सांभाळतंय, कोण बसायला आलंय, हे विचारायला त्यांनी आमच्या घरचा फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळं पुढचं सगळ्या हळदीकुंकवानं ऐकलं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मीच बोलतोय," आमचे हे म्हणाले.

पलंग करकरला. कमळबाई बसल्या असाव्यात. "भाऊ, तुम्ही आहात का?"

"आहे की. सकाळपासून आहे. पोळ्यांचा डबा कुठं ठेवलाय तेवढं तिला विचारा."

मी बसल्या जागेवरून ओरडले, "फ्रिजवर."

पुढची गडबड सांगत नाही. कमळबाई बाहेर आल्या त्या थेट माझ्यासमोर. "विहीणबाई, तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"नवरा जित्ता असताना नवऱ्याच्या नावानं चहा प्यालात."

"गरम होता," मी म्हटलं. मावशी पदराआड हसून हसून बेजार झाली होती.

मी बटव्यातलं मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि बाहेरून बूट आणून दाखवले. कमळबाईंनी एक बूट दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरला. जोडवं पाहिलं. त्यांचा राग विझला आणि त्यांच्यातली जुनी संसारी बाई जागी झाली. पळायचं तर पळा म्हणाल्या, पण जोडवं बोटातच पाहिजे. बुटाला कसलं आलंय सौभाग्य. मग त्यांनी सुजाताची कात्री मागवली आणि दोन्ही बुटांच्या दुसऱ्या बोटाचं टोक कापून टाकलं. माझी दोन बोटं जोडव्यासकट बाहेर आली, कासवानं मान काढावी तशी.

संध्याकाळी विनू घरी आला, त्याला सगळं कळलं, आणि त्याला हसू आलं नाही. "आई, बस झालं. बापाला जित्तेपणी मारलंस. गाडीमागं पळालीस. हे असं नांदेडला एकटं राहून होतं." मग म्हणाला, "सकाळी फेरी मार. मग सामान कधी आणायचं ते ठरवू." त्यानं खालच्या खोलीचं कुलूप काढून ती मला आतून दाखवली. न्हाणीतल्या दांड्या पुसून चकचकीत केल्या होत्या. मी एकीलाही हात लावला नाही.

मैदान

सकाळी थंडी होती. विनूच्या पायात गादीसारखे जाड बूट, सई सोबत, आणि कमळबाई शाल पांघरून कट्ट्यावर, जोडव्यांवर लक्ष ठेवायला.

निघालो. विनू लांब ढांगा टाकत पुढं गेला, वळून बघितलं, परत पुढं. मी माझ्या चिमणीच्या पावलांनी. फिरायला आलेले लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघायचे, मग खाली, मग माझ्या त्या दोन डोकावणाऱ्या बोटांकडं, आणि वाट सोडायचे. अर्धी फेरी झाली. विनूला धाप लागली होती, मी सईशी गप्पा मारत होते. हे त्याला खपलं नाही.

"त्या बुटांचीच करामत आहे सगळी," तो म्हणाला.

"करामत नाही रे, सवय. नवरात्रापासून लावतेय."

"सवय कशाला लागते अनवाणी पळायला? माणूस जन्मतोच अनवाणी." त्यानं चालता चालता बूट उपसले, मोजे उपसले आणि सईच्या हातात कोंबले.

"बाबा, नका. पोटरी धरेल," सई म्हणाली.

त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला काळ्या चिखलातली महाराणी दिसली. कोणाचं रक्त आहे ते उगाच विचारू नये. तो सुटला, चवड्यावर, मला मागं टाकून, हात हलवत. बरंच अंतर छान पळाला. आणि मग कोणी मागून काठी मारावी तसा खाली बसला.

"आई गं," तो ओरडला. म्हणजे मलाच.

पोटरीत गोळा आला होता. मी पोचले तेव्हा तो दोन्ही हातांनी पाय धरून मातीत लोळत होता. आता माझी पंचाईत बघा. पोटचा पोर विव्हळतोय, आणि अट होती न थांबण्याची. थांबले तर नांदेड गेलं. मी थांबले नाही. त्याच्याभोवतीच पळायला लागले.

"फार दुखतंय का रे?" मी एका बाजूनं विचारलं.

"आई, थांब की."

"अंगठा वर ओढ," मी दुसऱ्या बाजूनं म्हटलं. "थांबता येत नाही, तूच अट घातलीस. सई, त्याचा पाय सरळ कर."

सईनं पाय सरळ केला. कमळबाई कट्ट्यावरून जावयाकडं धावत आल्या. त्यांनी पोटरी चोळायला घेतली तेव्हा मी रिंगण सोडलं, मैदानाची उरलेली कड पळून पूर्ण केली, जिथून निघालो होतो तिथं पाय टेकवला आणि मगच पोराकडं चालत आले. त्याला उठवलं. त्यानं एक हात माझ्या खांद्यावर टाकला, दुसरा सईच्या. तसंच लंगडत घरी आलो.

त्यांची झोपायची खोली वरच्या मजल्यावर. विनूनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. सुजातानं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं, खालच्या खोलीचं दार उघडलं आणि पलंगावर त्याची चादर घातली.

दुपारी मी पिशवी भरली. निघताना त्याला बघायला गेले तर तो न्हाणीतून बाहेर येत होता, एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर हात टाकत.

"आई," तो म्हणाला, "ही जरा उंच बसवली गेलीये."

"मग तुझ्या मापानं बसवून घे," मी म्हटलं, आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून पुन्हा बटव्यात टाकलं. स्टँडपर्यंत मी चालतच गेले.